थरमॅक्स कशी सावरली

बॉयलरच्या धंद्यात रोकड अडकून पडते. पोलाद आधी घ्यावं लागतं. गिऱ्हाइकाकडून शेवटचा हप्ता मात्र बहुधा यंत्र बसून चाचणी पार पडल्यावरच सुटतो. म्हणून अशा कंपनीत वित्तप्रमुखाचं लक्ष नफ्याइतकंच ॲडव्हान्स आणि येणे रकमेवर असतं.

अशीच बॉयलर बनवणाऱ्या पुण्याच्या थरमॅक्सची सूत्रं 1996 मध्ये, पतीच्या निधनानंतर, अनु आगा यांच्याकडे आली. पुढे मंदीत कंपनी तोट्यात गेली. त्यांनी बाहेरचे सल्लागार आणले, मूळ व्यवसायाबाहेरचे उद्योग आवरते घेतले आणि संचालक मंडळाची फेररचना केली. सर्वांत धाडसी निर्णय घरातलाच होता: कुटुंबीय रोजच्या कारभारातून बाजूला झाले, कारभार व्यावसायिक व्यवस्थापकांकडे गेला. 2004 मध्ये अध्यक्षपद अनु आगांच्या कन्या मेहेर पदमजींकडे आलं, तेव्हा कंपनी पुन्हा नफ्यात होती.