वेगमर्यादा म्हणजे कोटा नव्हे

'स्क्विड'सारख्या कॅशिंग प्रॉक्सीवर (मागवलेली पाने साठवून पुन्हा देणारा मध्यस्थ सर्व्हर) प्रत्येकाची बँडविड्थ (डेटा वाहून नेण्याची क्षमता) मर्यादित करता येते. यामुळे रोजचा डेटा ठरावीक होतो, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात मर्यादा वेगावर असते. हे घरच्या पाण्याच्या टाकीसारखे आहे. सोलापुरात उजनी धरणाचे पाणी काही दिवसांआड येते, म्हणून घरोघरी टाकी असते. टाकीत साठा असेतो धार जोरात. ती रिकामी झाली की नळाला येईल तेवढेच पाणी. तसेच स्क्विडमध्ये प्रत्येकाचा साठा १० लाख बाइट आणि भरण्याचा वेग सेकंदाला ६४,००० बाइट ठेवला, तर छोटे पान झटकन उघडते. मोठी फाइल मात्र थोड्याच वेळात सेकंदाला ५१२ किलोबिटवर येते. वापर थांबला की साठा पुन्हा भरतो. कॅशमध्ये आधीच असलेल्या पानाला ही मर्यादा लागत नाही.