स्विमिंग पूल गळतोय? रिकामा करण्याआधी शेजारच्या विहिरीत डोकावा

बेळगाव : उन्हाळी सुट्टी संपून मुले शाळेत गेली की क्लब, शाळा आणि सोसायट्यांच्या जलतरण तलावांची दुरुस्ती निघते. ‘आता गिऱ्हाईक नाही, पाणी काढून टाकू आणि भेगा भरून घेऊ’, असे ठरते. पण काँक्रीटचा जुना तलाव रिकामा करायला जून-जुलैइतका वाईट काळ दुसरा नाही.

पावसाळ्यात जमिनीतले पाणी वर चढते. ते तलावाच्या तळापेक्षा एक मीटर वर असेल, तर तळाच्या प्रत्येक चौरस मीटरला खालून सुमारे 1000 किलोचा रेटा बसतो. 20 सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटचे वजन मात्र चौरस मीटरला साधारण 500 किलोच भरते. तलाव भरलेला असतो तोवर आतले पाणी हा रेटा पेलते. रिकामा केला की तळ फुगतो, तडकतो. कधी अख्खी टाकीच वर उचलली जाते. म्हणून आधी जवळच्या विहिरीतले किंवा बोअरमधले पाणी किती वर आहे ते पाहावे. ते तळाच्या बरेच खाली गेल्यावर, बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत, काम काढलेले बरे.

गळती आहे की बाष्पीभवन?

यासाठी बादली पुरते. पंप बंद करून तलावाच्या पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवायची. बादलीतल्या आणि तलावातल्या पातळीवर खूण करून 24 तास थांबायचे. दोन्हीकडे सारखेच पाणी उतरले तर ते उन्हाने गेले. तलावातले जास्त उतरले तर गळती नक्की. 25 बाय 12.5 मीटरच्या तलावात एक सेंटिमीटर म्हणजे तब्बल 3125 लिटर पाणी!

हीच चाचणी पंप चालू ठेवून पुन्हा करावी. तेव्हा पाणी जास्त जात असेल, तर संशय पाइपावर घ्यावा. पाणी दिव्याच्या खाचेपाशी येऊन थांबत असेल, तर वाट बहुधा तिथेच असते. भेगेजवळ सिरिंजने थोडा खाण्याचा रंग सोडला आणि तो आत ओढला गेला, तर जागा सापडली. हे न करता गवंड्याला बोलावले, तर सिमेंट भिंतीला लागते आणि पाणी पाइपातून जातच राहते.

भेग कोणती, औषध कोणते?

गिलाव्यावरच्या केसासारख्या जाळीदार भेगा बहुतेक वरवरच्या असतात. काँक्रीटमधून आरपार गेलेली भेग वेगळी. तिच्या टोकांना तारखेसह खूण करावी आणि रुंदी मोजून ठेवावी. काही आठवड्यांत ती वाढली तर खालची जमीन हलते आहे. बैलहोंगलकडच्या काळ्या मातीत हा त्रास जास्त, कारण ही माती पावसात फुगते आणि उन्हात आकसते. अशा वेळी आधी इंजिनिअरला दाखवावे.

हालचाल थांबलेली कोरडी भेग इपॉक्सी इंजेक्शनने जोडता येते. ओल्या किंवा किंचित हलणाऱ्या भेगेत पॉलियुरेथेन चालते. तांबूस डाग दिसला तर आतली सळी गंजली आहे. तिथे नुसता लेप देऊन भागत नाही. सळीच्या मागेपर्यंत काँक्रीट फोडायचे, गंज घासायचा, गंजरोधक लावायचे आणि मग पॉलिमर मिसळलेला मॉर्टर भरायचा.

फरशी लावण्याची घाई नको

वॉटरप्रूफिंग नीट वाळल्यावर तलाव हळूहळू भरावा आणि आठवडाभर पातळी पाहावी. फरशी त्यानंतरच. ठेकेदाराचे शेवटचे बिलही या चाचणीनंतरच द्यायचे, हे कामाच्या आधी कागदावर घ्यावे. नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात मुले पोहायला येतील आणि टँकर पुन्हा दारात उभा राहील.