घराच्या भिंती चित्रात का झुकतात?

विकायच्या घराचे छायाचित्र काढताना सरळ भिंती वर एकमेकींकडे झुकलेल्या का दिसतात? कॅमेरा वर कलला, की भिंतीचा माथा प्रतिमेच्या प्रतलापासून पायापेक्षा दूर पडतो. दूरच्या भागाची प्रतिमा लहान येते. म्हणून फोन छातीच्या उंचीवर, ओळंब्यासारखा उभा धरा.

रुंद कोनाच्या भिंगाने अगदी जवळूनही सारी खोली चित्रात मावते. पण १ मीटरवरची खुर्ची ४ मीटरवरच्या तशाच खुर्चीच्या चौपट उंच दिसते, आणि खोली उगाच लांबलचक वाटते. १ मीटर मागे सरा. अंतरे २ आणि ५ मीटर होतात. चौपटीचे अडीचपट होते.

चित्राखाली खोलीची मापे टेपने मोजून लिहा. घर घेणारा आयुष्याची पुंजी घालतो. भिंगामुळे त्याची फसगत होऊ नये.