शय्याव्रणांवर आघात-तरंगांचा उपचार
अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या माकडहाडाशी किंवा टाचांवर सततच्या दाबाने रक्तपुरवठा खुंटून ज्या जखमा होतात, त्यांना शय्याव्रण किंवा बेडसोर म्हणतात. भरून न येणाऱ्या अशा व्रणांवर आघात-तरंग, म्हणजे क्षणार्धात तीव्र दाब निर्माण करणाऱ्या ध्वनिलहरी, जेलच्या थरातून सोडल्या जातात. विजेच्या झटक्याशी त्यांचा काहीही संबंध नाही. १९८० साली म्युनिकमध्ये मूतखडे फोडण्यासाठी प्रथम वापरले गेलेले हे तंत्र व्रणांसाठी बऱ्याच सौम्य मात्रेत योजले जाते, आणि त्या यांत्रिक ताणामुळे पेशींतून वाढघटक, म्हणजे ऊतींच्या वाढीला चालना देणारी प्रथिने, स्रवून नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्या तयार होतात, असे मानले जाते. पुरावा मात्र अद्याप तोकडा असल्याने, वेळोवेळी कूस पालटणे, मृत ऊती काढणे आणि प्रथिनयुक्त आहार यांच्या जोडीलाच हा उपचार विचारात घ्यावा लागतो.