कोणत्या प्राण्यासाठी कोणता सापळा ? न्यूझीलंडमधील पक्षिरक्षणाचा अनुभव

वटवाघळांचा अपवाद सोडल्यास न्यूझीलंडच्या भूमीवर मूळचा असा एकही सस्तन प्राणी नव्हता. त्यामुळे किवी, काकापो यांसारख्या पक्ष्यांना उडण्याची गरज उरली नाही; जमिनीवरच त्यांचा संसार चाले. पुढे माणसाच्या होड्यांतून व गलबतांतून उंदीर आले. फरच्या व्यापारासाठी १८३७ पासून ऑस्ट्रेलियातून पॉसम आणले गेले आणि १८८० च्या दशकात, सशांचा उपद्रव आवरावा म्हणून, स्टोट हा मांसाहारी प्राणी मुद्दाम सोडण्यात आला. मुंगसाची आठवण करून देणारा, पण त्याहून लहान व सडपातळ असा हा प्राणी पक्ष्यांचा मोठा वैरी ठरला. सुमारे एक किलो वजनाचे होईपर्यंत किवीचे पिलू त्याच्यापुढे असहाय असते. ससे मात्र राहिलेच !

२०१६ साली तेथील शासनाने उंदीर, पॉसम, स्टोट आणि स्टोटचे जातभाई यांचे २०५० पर्यंत निर्मूलन करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. या कामी विषाचाही वापर होतो. परंतु सामान्य नागरिकाच्या हाती येणारे साधन म्हणजे सापळा, आणि त्याची निवड वाटते तितकी सोपी नाही.

परसदारी मुख्य शत्रू उंदीर. त्यासाठी आपल्याकडे घरोघरी परिचित असलेला चापच, थोडा मजबूत केलेला, पुरेसा होतो. मात्र तो उघड्यावर न ठेवता अरुंद तोंडाच्या लाकडी पेटीत बसवतात, म्हणजे मुलांची बोटे, शेजाऱ्यांची मांजरे व पक्षी सुरक्षित राहतात. उंदीर उघड्या जागेतून जाण्यापेक्षा आडोशाने जातो. म्हणून पेटी कुंपणालगत किंवा खतखड्ड्याजवळ ठेवावी आणि आमिष म्हणून शेंगदाण्याचे लोणी लावावे. शहरी वस्तीत दर पाच घरांमागे एका परसात सापळा असावा, असे तेथे सुचविले जाते. पॉसमसाठी वेगळा, मोठा सापळा लागतो. त्यात सफरचंदाची फोड दालचिनी लावून ठेवणे इष्ट, कारण मांस ठेवल्यास मांजर आत शिरण्याचा धोका असतो.

रानात गणित बदलते. तेथे संवर्धन विभागाने विकसित केलेला ‘डॉक २००’ हा भक्कम पोलादी सापळा स्टोट, उंदीर व जाहक (हेजहॉग) यांच्यासाठी वापरतात. अधिक मोठ्या फेरेटसाठी ‘डॉक २५०’. पेटीच्या आत आडव्या जाळ्या असल्याने प्राण्याला वळण घेऊनच चापावर यावे लागते व घाव नेमका बसतो. हे महत्त्वाचे आहे. अर्धवट जखमी होऊन सुटलेला प्राणी यातना भोगतो आणि पुन्हा सापळ्याजवळ फिरकतही नाही. म्हणूनच सापळ्यांच्या चाचणीत प्राणी तीन मिनिटांच्या आत बेशुद्ध होतो की नाही, हे पाहिले जाते. पाय पकडून ठेवणारा चाप किंवा जिवंत पकडणारा पिंजरा लावल्यास तो रोज सूर्योदयानंतर बारा तासांच्या आत तपासणे कायद्याने बंधनकारक आहे. ज्याला हे जमणार नाही, त्याने असे साधन घेऊच नये. किवीच्या वस्तीत पॉसमचा सापळा जमिनीपासून ७० सेंटीमीटर उंच, झाडाच्या खोडावर बसवतात.

दुर्गम डोंगरात माणूस वारंवार जाऊ शकत नाही. तेथे दाबलेल्या वायूच्या बळावर आपोआप पुन्हा सज्ज होणारे सापळे उपयोगी पडतात. एका नळकांडीवर असा एक सापळा चोवीस वेळा घाव घालू शकतो. तो महाग असतो, हे ओघाने आलेच. दक्षिण बेटावरील मर्चिसन पर्वतात तर वेगळीच अडचण उद्भवली. ज्यांच्या रक्षणासाठी हा खटाटोप चालतो, त्यांच्यापैकीच किया हे चतुर पोपट पेटीत काड्या खुपसून चाप उडवून देऊ लागले !

सापळा लावला की काम संपले, असा समज मात्र चुकीचा ठरतो. आमिष वाळते, कुजते किंवा मुंग्या नेतात, स्प्रिंग गंजते. बीच वृक्षांना ज्या वर्षी बी अमाप धरते, त्या वर्षी उंदीर वाढतात व त्यांच्यामागोमाग स्टोटही वाढतात. महिनोन्‌महिने रिकामी राहिलेली रांगसुद्धा म्हणून चालूच ठेवावी लागते. स्टोटची मादी पिलू असताना, डोळेही उघडण्यापूर्वी, घरट्यातच फळलेली असते. तिचा गर्भ पुढच्या वसंतापर्यंत सुप्त राहतो. मोकळ्या केलेल्या रानात नंतर अशी एकटी मादी शिरली, तरी तिला नराची वाट पाहावी लागत नाही. एका वेतात ती दहा-बारा पिलेही देऊ शकते.