मेणबत्ती : मेण कोणते घ्यावे?

धुळे-सुरत महामार्गावरील विसरवाडीत मेणबत्तीचा गृहोद्योग आरंभू इच्छिणाऱ्यास दोन्ही दिशांच्या बाजारपेठा मोकळ्या आहेत. प्रश्न आहे तो मेणाच्या निवडीचा. पॅराफिन साधारणतः ५८ ते ६० अंशांवर वितळते, स्वस्त पडते आणि साच्यातून सहज सुटते. सोयामेण वनस्पतिजन्य खरे, पण मऊ. खानदेशच्या उन्हाळ्यात ते काचेच्या पेल्यातच बरे. मधमाशांचे मेण जैन घरात येणारच नाही. कठीणपणासाठी मिसळतात ते स्टिअरिक अॅसिड मात्र पामतेलापासून होते, तसेच प्राण्यांच्या चरबीपासूनही, आणि पांढऱ्या भुकटीकडे पाहून त्याचे मूळ ओळखता येत नाही. पुरवठादाराकडून ते लेखी घ्यावे. तोंडी हमीचे मोल व्यापाऱ्यास वेगळे सांगायला नको.

भांडवल अल्प असले तरी चालते. महाबळेश्वरचे दृष्टिहीन उद्योजक भावेश भाटिया मुंबईच्या 'नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड'मध्ये ही कला शिकले. हातगाडीवर विक्री करीत असता रोजचे २५ रुपये ते पुढील मालासाठी बाजूला ठेवीत. त्यातूनच 'सनराइज कॅन्डल्स' उभी राहिली.

नवशिक्याने प्रथम दोन-तीन किलो मेण आणि निरनिराळ्या जाडीच्या सुती वाती आणाव्यात, प्रत्येक वातीची एक मेणबत्ती शेवटपर्यंत जाळून पाहावी. पोते त्यानंतर.