शेततळ्यातील माशांचे किरकोळ आजार : ओळख व उपचार

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत टोमॅटो, कांदा, द्राक्ष आणि डाळिंबाच्या पाण्यासाठी अनेक शेतकऱ्यांनी प्लॅस्टिक अस्तराची शेततळी घेतली आहेत. अणे पठार किंवा लोणी-धामणीसारख्या कमी पावसाच्या भागात तर उन्हाळ्यात त्यांचा मोठा आधार असतो. याच पाण्यात रोहू, कटला, मृगळ व सायप्रिनस वाढविल्यास जोडउत्पन्न मिळते. मात्र मासे मरू लागले की शेतकरी बंधू प्रथम औषधाच्या दुकानाकडे धाव घेतात. वास्तविक बहुतेक तक्रारींचे मूळ पाण्यात असते. म्हणून आधी पाणी पाहावे, नंतर मासा पाहावा आणि शेवटी औषधाचा विचार करावा.

निरोगी मासा चपळ असतो व खाद्य टाकताच वर येतो. त्याचे कल्ले लालभडक असतात. खाद्य सोडणे हे आजाराचे पहिले लक्षण समजावे.

1) पहाटे मासे वर येणे : पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडाची उघडझाप करतात व ऊन वर आल्यावर खाली जातात. हा रोग नसून प्राणवायूची कमतरता आहे. पाणी फार हिरवे झाल्यास व ढगाळ हवामान राहिल्यास असे घडते. कोपरापर्यंत हात पाण्यात बुडवावा. तळवा दिसत नसेल तर शेण, युरिया व खाद्य ताबडतोब बंद करावे. मोटार लावून तळ्यातीलच पाणी फवाऱ्यासारखे परत तळ्यात सोडावे. बोअरचे पाणी देताना ते उंचावरून पडू द्यावे, कारण त्यात प्राणवायू कमी असतो.

2) कीटकनाशकाची बाधा : प्राणवायू कमी पडल्यास सहसा मोठे मासे आधी मरतात. विषबाधेत सहसा लहान मासे आधी मरतात, दिवसाच्या कोणत्याही वेळी मरतात व वेडेवाकडे पोहतात. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधे माशांना अत्यल्प प्रमाणातही घातक असतात. फवारणी पंप किंवा टाकी शेततळ्याच्या काठावर कधीही धुऊ नये. बाधा झाल्यास ताजे पाणी सोडावे. मेलेले मासे खाऊ अथवा विकू नयेत, खड्ड्यात पुरावेत.

3) कापसासारखी बुरशी : बीज आणताना किंवा जाळे ओढताना झालेल्या जखमेवर पांढरे पुंजके दिसतात. 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम खडे मीठ विरघळवून त्यात मासे 3 मिनिटे ठेवावेत. मासा आडवा होऊ लागताच लगेच बाहेर काढावा. बीज सोडताना पिशवी 15 ते 20 मिनिटे तळ्यात तरंगत ठेवावी व तळ्याचे पाणी थोडे थोडे आत घ्यावे.

4) माशांच्या उवा (अर्ग्युलस) : मासे अस्तरावर अंग घासतात, उड्या मारतात. अंगावर चपटे, गोलसर कीटक साध्या डोळ्यांनी दिसतात. ही कीड कठीण पृष्ठभागावर अंडी घालते. म्हणून पाण्यात बांबू किंवा फळ्या सोडून ठेवाव्यात व दर आठवड्याला बाहेर काढून कडक उन्हात वाळवाव्यात. मासे थोडे असल्यास वरीलप्रमाणे मिठाचे स्नान द्यावे.

5) लाल चट्टे : पाणी थंड झाल्यावर, विशेषतः हिवाळ्यात, अंगावर लाल चट्टे पडून पुढे व्रण होतात. भुवनेश्वर येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने यासाठी ‘सिफॅक्स’ हे औषध विकसित केले आहे. एक हेक्टर क्षेत्रात एक मीटर खोल पाणी असल्यास त्याची मात्रा 1 लिटर आहे. पाण्याचा सामू 8.5 पेक्षा जास्त असल्यास चुना टाकू नये.

मात्रा कशी काढावी? 30 × 30 × 3 मीटरचे, 1:1 उताराचे शेततळे पूर्ण भरले असता त्यात सुमारे 2,196 घनमीटर, म्हणजे जवळजवळ 22 लाख लिटर पाणी असते. त्यास सिफॅक्स सुमारे 220 मि.लि. लागते. मात्र एप्रिल-मे महिन्यांत पाणी खाली गेलेले असते. तेव्हा भरलेल्या तळ्याची मात्रा दिल्यास ती दुपटीने, तिपटीने जास्त होते. म्हणून आधी त्या दिवशीचे पाणी मोजावे, मगच औषध मोजावे. प्राणवायू कमी असताना कोणतेही औषध टाकू नये. मॅलाकाइट ग्रीन खाण्याच्या माशांसाठी मुळीच वापरू नये.

घरातील काचेच्या टाकीतील शोभिवंत माशांनाही हाच नियम लागू पडतो. अंगावर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसल्यास तो मासा वेगळा करावा. टाकीतील एक चतुर्थांश पाणी बदलावे. नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून मगच वापरावे.

उपाय करूनही मर थांबत नसेल, तर आजारी पण जिवंत मासा पाण्यासह पिशवीत व तळ्याचे पाणी स्वतंत्र बाटलीत घेऊन नारायणगावचे कृषी विज्ञान केंद्र किंवा मत्स्यव्यवसाय विभागाशी संपर्क साधावा. मेलेला मासा लवकर कुजतो, त्यावरून निदान होणे कठीण असते. रोज सकाळी तळ्यावर दिलेली पाच मिनिटे अनेक औषधांचा खर्च वाचवितात.